रंग बदलणारी टिकली

३ जानेवारी, वरसे

आलो एकदाचा. सामानात दोन बॅगा, एक इस्त्री आणि जुनी शब्दरूपावली होती. पैकी इस्त्री नागोठण्याला एसटीत राहिली. शब्दरूपावली कोणी नेत नाही. संस्कृत घेऊन एम. ए. केल्याचा हा फायदा मला या वयात कळतो आहे.

पुण्याच्या कचेरीत माझ्या टेबलाच्या जागी कॉफीचं यंत्र बसवायचं ठरलं, म्हणून मला 'पेण-रोहा परिसराचे आमचे खास वार्ताहर' करण्यात आलं. परिसर भरगच्च आहे. एका टोकाला डोलवीचं पोलाद, दुसऱ्या टोकाला रोह्याची रसायनं, मध्ये पेणचे पापड आणि खड्डे. बातम्यांना तोटा नाही. वाचकांचं बघू.

घर झकास आहे. खाली मालक यूनुसभाई आणि त्यांची बायको रुखसार, वर आम्ही, त्याच्यावर ऐसपैस मोकळी गच्ची. यूनुसभाईंनी उमेदीची सगळी वर्षं आखातात एसी दुरुस्त करण्यात घालवली, त्यामुळे घरात प्रत्येक खोलीला एसी आहे. जानेवारीत कशाला, असं विचारलं तर म्हणाले, मास्तर, लावलाय तर चालवायला नको? वार्ताहर म्हणजे मास्तरच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

'आम्ही' म्हणजे मी आणि मृणाली, माझ्या ताईची मुलगी. इथल्याच एका छोट्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. वर्षभर मुलींच्या वसतिगृहात आमटी नावाचं पाणी पिऊन कंटाळली होती. ताईनं मला बजावलंय, पोरीवर लक्ष ठेव. पोरीलाही तेच बजावलंय, मामावर लक्ष ठेव. दोघांनाही हे ठाऊक असल्यामुळे आम्ही एकमेकांकडे संशयानं बघत जेवतो.

जेवण काशीबाईंचं. त्या खाडीकडच्या, मिठागरातल्या; नवरा गेल्यावर इथे भाच्याकडे राहायला आल्या. तांदळाच्या भाकरीची मी सविस्तर स्तुती सुरू केली तेव्हा म्हणाल्या, गरम हाय तवर खा भाऊ, मंग बोला. इतक्या वर्षांत मला एवढा चांगला संपादक भेटला नव्हता.

७ जानेवारी

आज मृणालीची प्रयोगशाळा पाहिली. माझा पहिला लेख तिच्यावरच करायचा आहे. विषय द्रवस्फटिक. म्हणजे धड द्रव नाही, धड स्फटिक नाही. आमच्या कचेरीतले बरेच लोक याच अवस्थेत निवृत्त होतात.

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत मिट्ट काळोख. मग तिनं काचपट्टी हळूहळू गार करत नेली, तसा काळोखात मोरपिसासारखा एक ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता सगळं रंगीत झालं. तिच्या मोठ्या यंत्रातून काढलेल्या चित्रात आणखी खोलवरचं दिसतं: मधमाश्यांचं पोळं. सहा भिंतींची घरं, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथपर्यंत.

मला रेणू समजावा म्हणून ती प्रयोगशाळेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. मी म्हणजे एक काठी, मामा. हे दोन तळहात चिकट. आणि इथून, पोटातून, एक लांब मऊ शेपूट पुढे निघते. गरम असताना सगळ्या काठ्या हुंदडत असतात. गार झाल्या की तळहात तळहातांना शोधतात. तीन तळहात एका जागी आले की कोपरा होतो. सहा काठ्या जुळल्या की घर होतं, आणि शेपट्या घराच्या आत भरून राहतात. रिकामं घर टिकत नाही, आत काहीतरी लागतंच.

शेपटी फार लांब झाली तर घर फुटत नाही का, असं मी विचारलं. फुटत नाही म्हणाली, भिंती वाढतात. जुळणीत चूक राहिली तर? पुन्हा गरम करायचं आणि हळूहळू गार करायचं, दर खेपेला चुका कमी होतात. मग बिघडतं कशानं? भेसळीनं. परकं काही चिमूटभर पडलं की कधीकधी सगळंच विस्कटतं, म्हणून तर हातमोजे.

आणि हे जुळवतं कोण? हा माझा प्रश्न जरा तत्त्वज्ञानाकडे झुकलेला होता. ती हसली.

"कोणी नाही, मामा. नुसतं थोडं गार व्हावं लागतं."

येताना रिक्षात मी पोळ्यावरून मधमाशीवर आणि मधमाशीवरून 'मधुलिह्' शब्दावर आलो. ती लहान असताना सुट्टीत मी तिला हा शब्द चालवायला शिकवला होता. ताई म्हणायची, पोरीला बडबडगीतं शिकव, हे काय शिकवतोस. तिला अजून येतो. मधुलिट्, मधुलिहौ, मधुलिहः, असं चालीवर म्हणत आली सबंध रस्ता. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

१५ जानेवारी

मृणालीबाई रविवारी हळदीकुंकू करणार. वाण काय, तर टिकल्या. प्रयोगशाळेत एका नव्या नमुन्याचा बराच साठा उरला, तो नष्ट करायला सांगितलंय. पण इतका सुंदर जुळणारा नमुना ओतून टाकायला तिचा जीव होत नाही. तिनं आणि पेणहून कामाला येणाऱ्या तिच्या सहकारी पूजानं तो दोन पातळ पारदर्शक झिल्ल्यांमध्ये भरून त्याच्या गोल टिकल्या कापल्या. कपाळाच्या उबेनं रंग बदलतो. सकाळी तांबूस, उन्हात निळी. प्रयोगशाळेचा कचरा सौभाग्यालंकार झाला.

मी काशीबाईंना बोलावण्याचा आग्रह धरला. विधवांना हळदीकुंकवाला बोलवावं असा लेख मी पूर्वी लिहिला होता आणि त्यावर माझं स्वतःचं मत अजून चांगलं आहे. मृणाली लगेच तयार. काशीबाईच तयार होईनात. म्हणाल्या, "मना नको गो बाय. तुमचा तुमी करा. माझ्या कपालाला आता काय चिकटत नाय."

मी सुधारकाचा चेहरा करून बसलो. त्यांनी माझ्यापुढे भाकरी ठेवली.

१७ जानेवारी

किरकोळ गंमत. टिकल्या भरताना एक थेंब ओट्यावर सांडला होता. सकाळी गारव्यात तिथे मुंग्या होत्या, पण चालत नव्हत्या. तोंडाला शेपूट लावून रिंगण करून थांबल्या होत्या, आणि रिंगणाला रिंगण लागून. मेल्या असतील म्हणून मी फडकं आणलं. तेवढ्यात खिडकीतून ऊन ओट्यावर आलं आणि सगळ्या आपापल्या वाटेनं निघून गेल्या, जसं काही झालंच नव्हतं. त्यातली एक मात्र साखरेच्या डब्यावरून दोनदा गेली आणि तो तिला ओळखता आला नाही.

मृणालीला सांगितलं. ती म्हणाली, मामा, लेखात हे घालू नका, लोक हसतील.

१८ जानेवारी

गच्चीवर हळदीकुंकू दणक्यात झालं. प्रयोगशाळेतल्या, गल्लीतल्या, वाण्याकडच्या, बँकेतल्या. मला खोलीत कोंडून घेण्यात आलं आणि दारातून एक लाडू सरकवण्यात आला. मधुमेहामुळे तोही परत गेला. रुखसारवहिनी वाण घेऊन खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, कपाळाला नाही लावत आम्ही, पण पोरीनं प्रेमानं दिलं. मोबाइलच्या पाठीला चिकटवली. आता यूनुसभाई दर फोनला बायकोचा मोबाइल मागून घेतात, रंग बघायला.

पूजानं उरलेल्या टिकल्या पेणला नेल्या, एक डबीत राहिली. तिचंही हळदीकुंकू आहे.

२२ जानेवारी

थंडी पडली. नदीकडून धुकं येतं. सकाळी गच्चीत फेऱ्या मारायला गेलो तर तिथे गल्लीतल्या बायका हात पसरून उभ्या. मृणाली, रुखसारवहिनी, वाण्याची सून. योगासनांचा वर्ग असावा, असं समजून मी पुरुषासारखा पुरुष नजर खाली घालून माघारी आलो.

चहाला मृणालीला विचारलं, शिक्षिका कोण? ती म्हणाली, कसला वर्ग? मी आत्ता उठले.

तिचे पाय गच्चीच्या धुळीनं भरले होते.

तिच्या टिकलीतला रंग गेला आहे. नुसती कोरडी झिल्ली कपाळावर होती. ती काढल्यावर खाली एक फिकट डाग दिसला. सहा कोपऱ्यांचा.

२४ जानेवारी

आज जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सगळं पाहिलं. घाबरून लिहितो आहे असं नको वाटायला, म्हणून क्रमानं लिहितो.

उजाडता उजाडता त्या एकेक करून वर येतात. कोणी कोणाला बोलावत नाही. धुक्यात हात पसरतात, बोटं जरा चाचपडतात, आणि तळहाताला तळहात लागला की थांबतात. प्रत्येक कोपऱ्यावर तीन तळहात. सहाजणी मिळून एक घर. एकीची भिंत दोन घरांना पुरते. वाण्याकडची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे; मधल्या कठड्यावरून हात पलीकडे जातात, आणि पलीकडेही तेच.

आणि त्या बोलतात. तोंड घराच्या आत करून, हलक्या आवाजात, सगळ्या एकाच वेळी. गप्पा नव्हेत. वाण्याची सून कोणाचे तरी वाढदिवस सांगत होती. रुखसारवहिनी एक अंगाई. मृणाली ताईच्या रत्नागिरीच्या घरातल्या खोल्या सांगत होती, माजघर, कोठी, जिन्याखालची अडगळ, तिथे लपवलेली बाहुली. सांगत होती म्हणण्यापेक्षा, आतून बाहेर घालत होती.

ऊन आलं. हात सुटले. त्या खाली उतरल्या. मृणाली माझ्या शेजारून गेली आणि म्हणाली, मामा, इथे काय करताय, पाठ धरेल.

संध्याकाळी सहज विचारलं, रत्नागिरीला जिन्याखाली काय असायचं गं? तिनं बराच विचार केला. म्हणाली, आपल्या घराला जिना होता?

२७ जानेवारी

ताई रोज सकाळी फोन करते. आज मृणालीनं फोन बघितला, वाजू दिला, आणि मला विचारलं, अगदी साधेपणानं:

"ही बाई रोज का फोन करते?"

मी म्हटलं, अगं आई आहे तुझी. ती म्हणाली, हो का. आणि फोन घेऊन छान बोलली. परक्या माणसाशी बोलावं इतकं छान.

मी तिला 'मधुलिह्' म्हणायला लावलं. पहिल्या तीन विभक्ती आल्या. चौथीला थांबली. लाजली नाही, आठवायचा प्रयत्नही केला नाही. नुसती थांबली, जिना संपावा तशी.

काशीबाईंनी भांडी घासता घासता विचारलं, भाऊ, त्या पोरी सकालच्या कोनाशी बोलतान? मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाल्या, काल दुपारी मी वालवणाला गेलेले वर. मदे कोन नाय, तरी मदे उभी राह्यले तं कानात बोलल्यासारखा होतं.

दुपारी मी गेलो. रणरणतं ऊन, गच्ची रिकामी. चालत चालत एका जागी आलो आणि तिथे हवा जराशी दाट होती. नुकत्याच कोणी उठलेल्या खुर्चीसारखी ऊब. आणि फार बारीक, मुलीचा आवाज. पाच-सहा वर्षांची असेल. मधुलिहे, मधुलिड्भ्याम्, मधुलिड्भ्यः.

चौथी विभक्ती.

२९ जानेवारी

उपाय सापडला. त्यांना गार व्हावं लागतं, तर हिला गार होऊ द्यायचं नाही. हीटर आणला. खोली बंद, दोन गोधड्या, गरम पाण्याच्या पिशव्या. पहाटे मी दाराला पाठ लावून बसलो. ती गेली नाही. झोपूनच राहिली, गाल लाल, हात मऊ. मी इतका खूश झालो की काशीबाईंच्या भाकरीवर पुन्हा भाषण केलं.

दुपारी ती नीट बोलत होती. ताईचं नाव तिनं आपणहून घेतलं.

३० जानेवारी

पहाटे वीज गेली. हीटर हळूहळू निवला. मी डुलकी घेत होतो. जाग आली तेव्हा दार उघडं होतं.

गच्चीवर आजवर ती जरा वाकडी उभी राहायची, डावा हात किंचित खाली. आज रेषेत होती. चूक राहिली नव्हती.

गरम करायचं आणि हळूहळू गार करायचं. तिनंच सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं, लेखासाठी.

३१ जानेवारी, पेण

तिला घेऊन पेणला आलो, मेंदूच्या डॉक्टरांकडे. रस्ताभर ऊन होतं. एसटीत ती बरी होती, खिडकीतून बघून विचारत होती की ही पांढरी शेतं कसली. मिठाची, म्हटलं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एसी होता. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नंबर लावायला खिडकीशी गेलो. खिडकीतल्या मुलीच्या कपाळावर फिकट डाग. सहा कोपरे. पूजाचं हळदीकुंकू.

वळून पाहिलं तर बाकांवरच्या तीन बायका उठल्या होत्या. एकीच्या हातात एक्सरेचा लिफाफा होता, तो तिनं खाली ठेवला. हात पसरले. औषधवाला पोऱ्या बाहेर आला; कपाळावर काही नाही, तरी त्यानंही पसरले. मृणाली उठली. मी तिला बाहीला धरून ओढत उन्हात आणलं. तळहाताला हात लावला नाही. अजून लावलेला नाही.

रस्त्यावर ती थोड्या वेळानं सैल झाली आणि म्हणाली, आपण पेणला कशाला आलो? तिला पोह्याचे पापड घेऊन दिले. तिला आवडायचे.

ज्यांच्याकडे जाऊन सांगावं ते सगळे एसीत बसतात. पोलीस ठाण्यातला साहेब, तहसीलदार, बँक. हे मी गमतीनं लिहायला सुरुवात केली होती.

१ फेब्रुवारी

पुण्याला बातमी पाठवली. संपादकांचा फोन आला. एक एप्रिलला अजून अवकाश आहे म्हणाले. प्रकृती विचारली.

ताई निघते म्हणाली. मी खोटं बोललो. मृणाली कामासाठी मुंबईला गेलीय म्हटलं. ताई आली तर पहिल्यांदा काय करील? पोरीचे हात हातात घेईल.

हिला रत्नागिरीला नेणं नाही. कुठेच नेणं नाही. जिथे नेईन तिथे—

यूनुसभाईही आता पहाटे गच्चीत असतात. त्यांनी दिवसा सगळे एसी चालू केले आहेत. मी कारण विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्ही कोण?

२ फेब्रुवारी

काशीबाई म्हणाल्या, भाऊ, माझ्यासंगं चला. खाडीवर. तिथं सावली नाय, गारवा नाय, दिसभर ऊन. पोरीला पन घ्या.

मी मृणालीला सांगितलं. ती ऐकत होती. पण आता ती दुपारीही पूर्ण परत येत नाही. खोलीत एसीची हवा जिन्यातून येते. बोलताना तिचे हात थोडे थोडे वर येत असतात.

काशीबाईंनी तिच्या दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. भिंत उठत नाही.

शेवटी म्हणाल्या, "तिला सोडा भाऊ. तुमी तरी चला."

मी नाही म्हटलं. त्या रडल्या. पदरानं डोळे पुसून भाकऱ्या केल्या आणि गेल्या. उद्या येनार, म्हणाल्या. नका येऊ म्हटलं. येनार, म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

सकाळी तिच्या शेजारची जागा रिकामी होती. म्हणजे ठेवलेली. पाच भिंती, आणि सहावीच्या जागी नुसते दोन कोपरे, दोन्हीकडे दोन-दोन तळहात, तिसऱ्यासाठी थांबलेले. एक तळहात मृणालीचा.

मी पायरीवर बसून होतो. ऊन येईपर्यंत तो हात हलला नाही.

दुपारी 'मधुलिह्' विचारलं. ती म्हणाली, हे कुठल्या भाषेत आहे?

४ फेब्रुवारी

भेसळ.

तीच म्हणाली होती. परकं चिमूटभर पडलं की विस्कटतं. आणि माझ्याइतका परका माल त्या घरात अजून पडलेला नाही. त्यांनी आपापलं दिलं, सणवार, मुलांची नावं. माझ्याकडे आहे काय? सगळी शब्दरूपावली. धातुपाठाचे दहा गण. न छापलेल्या बातम्या. इतका निरुपयोगी ऐवज एकदम ओतला तर—

किंवा हेही खरं की ती हात पुढे करून उभी आहे आणि मी तिचा मामा आहे. लहानपणी रस्ता ओलांडताना ती असाच हात—

उद्या पहाटे. काशीबाईंसाठी दारावर कागद लावतो: वर येऊ नका.

५ फेब्रुवारी

घर फुटलं नाही.

हात धरला. गार. मग गार नाही. मी सगळं म्हटलं, राम, हरि, गुरु, सगळे चालवले, पुढचं पुढचं आपोआप येत गेलं, इतकं की थांबवेना— आणि समोरून कोपरे सरकायला लागले. मागे. अजून मागे. कोणी सांगितलं नाही. भिंती वाढल्या. पलीकडच्या गच्चीवरच्या दोघी आत आल्या आणि घर मोठं झालं. लांब शेपटी.

तेही तिनं सांगितलं होतं.

आता मी लिहितो आहे, ऊन आहे, पण 'राम'पुढे काय ते—

६ फेब्रुवारी

मधुलिट्. मधुलिहौ.

मधु—

ताईचा फोन. नाव पडद्यावर होतं तरी मी—

ऐकू येतं मात्र. दुपारी मधल्या जागी उभा राहिलो तर मीच बोलत होतो. चांगलं बोलत होतो. तिथे मृणालीही आहे, लहान. ती चौथी म्हणते, मी पाचवी म्हणतो. तिथे आम्हांला सगळं येतं.

इथे कमी कमी—

७ फेब्रुवारी

भीती वाटत होती ती कशाची, हे पान उलटून वाचलं. कळलं. पण दुसऱ्या कोणाचं वाचल्यासारखं—

दारावर एक कागद लावला होता, त्यावर काय लिहिलंय ते लागत नव्हतं. काढला.

खालच्या माणसानं इथलाही एसी चालू करून दिला. बरं वाटतं.

८ फेब्रुवारी

आज फार बरं वाटतं. हात पसरून बसलं की बरं.

एक कोपरा अजून उघडा आहे. दोन तळहात थांबलेत.

खाली कोणीतरी आलीय. हाक मारते, भाऊ, भाऊ. भाकरीचा वास. ही ती, गरम हाय तवर खा म्हणणारी. नाव— तिला कोणी वाण दिलं नव्हतं. तिला वगळलं होतं सगळ्यांनी. मी त्यावर लिहिलं होतं, वगळू नये, सगळ्यांना घ्यावं. बरोबर लिहिलं होतं.

डबीत एक टिकली उरली आहे. अजून भरलेली. तांबूस.

जिन्यावर पावलं. ती वर येतेय. मृणालीनं, मुलीनं, हात पुढे केला आहे. मीही उठतो, दार उघडतो, आणि तिला म्हणतो, या, या, आज तुम्हीसुद्धा—